हक्काच्या घराचा पत्ता

'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्यानं केली, त्याला जागा बहुतेक वडिलोपार्जित मिळाली असावी! कारण घर बांधायच्या आधी जागा शोधावी लागते, जागेच्या आधी पैसा लागतो आणि या दोन्हींच्या आधी लागते माहिती. जागा आणि पैसा कमी पडतो हे आपल्याला चांगलंच ठाऊक असतं. माहिती कमी पडते, याची मात्र आपण फारशी खंत करत नाही.

आमचं गाव तालुक्याचं. सोलापूरला एसटीनं जायला दीड-पावणेदोन तास लागतात. इथं प्लॉटच्या जाहिराती पाहाव्यात तर स्टँडच्या भिंतीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे रंगवलेल्या. 'सुलभ हप्ते', 'शाळा-दवाखाना पाच मिनिटांवर', 'आजच बुकिंग करा'. त्या वाचायला कुठं जावं लागत नाही, त्याच आपल्या दारात येतात. पण नगरपालिकेत घरकुलाचे अर्ज घेतात, सहकार खात्याच्या कचेरीत सोसायटी कशी काढायची ते सांगतात, तालुक्याच्या कोर्टात बायकांना फुकट वकील मिळतो, हे कुणी भिंतीवर रंगवत नाही. दलालाची माहिती घरपोच येते, सरकारची मात्र आपल्याला जाऊन आणावी लागते.

गेली अकरा-बारा वर्षं मी आमच्या भागातल्या बचत गटांचं काम पाहते. त्यातल्या एका गटात अठरा जणी आहेत. कुणी शिवणकाम करते, कुणी चार घरचा स्वयंपाक, दोघी अंगणवाडीत मदतनीस, एकीचा चहा-वड्याचा गाडा. अठरांपैकी तेरा जणी भाड्यानं राहतात. आमच्याकडे भाड्याचा करारबिरार काही नसतो. सगळं तोंडी! दिवाळी झाली की घरमालकाचा मुलगा येतो आणि 'वहिनी, पुढच्या महिन्यापासून पाचशे वाढवा' म्हणतो, की झाला करार. शिवण करणारीला रात्री नऊनंतर मशीन चालवायची बंदी आहे. एकीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, तर 'पाणी पुरत नाही' म्हणून घरमालकीणबाईंनी नाक मुरडलं. पोरीचं बाळंतपण शेवटी मावशीकडे झालं. घर नसणं म्हणजे डोक्यावर छप्पर नसणं एवढंच नव्हे, हे या बायकांना कुणी सांगायला नको.

अशा बायकांपुढे गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात एक गृहस्थ आले. पांढरे कपडे, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये रंगीत नकाशा. "ताई, आपल्या गरीब भगिनींसाठी सोसायटी काढतोय. आज एकवीस हजार भरा, बाकीचे हप्त्यानं. प्लॉट नंबर आजच लिहून देतो." नकाशात बाग होती, देऊळ होतं, रस्त्यांना थोर पुरुषांची नावं होती. सहा जणींनी पैशांची तयारी केली. एकीनं तर मंगळसूत्राच्या वाट्या सोडून उरलेलं सोनं गहाण टाकायचं ठरवलं होतं.

त्यांनी दाखवलेली पावती मी हातात घेतली. वर मोठ्या अक्षरात सोसायटीचं नाव, 'सहकारी गृहनिर्माण संस्था', आणि त्यापुढे कंसात बारीक अक्षरात एक शब्द: 'नियोजित'. मैत्रिणींनो, कुठल्याही सोसायटीच्या पावतीवर हा शब्द आहे का, ते आधी पाहा. नोंदणी झालेल्या संस्थेला नोंदणी क्रमांक असतो आणि तो पावतीवर, शिक्क्यावर छापलेला असतो. 'नियोजित' म्हणजे संस्था अजून कागदावरही जन्माला आलेली नाही.

मी एवढंच म्हटलं, "चार दिवस थांबा. चार दिवसांत काही प्लॉट पळून जात नाहीत." आणि त्या चार दिवसांत आम्ही सहा-सात जणी चार कचेऱ्या हिंडलो. चारही कचेऱ्या आमच्या घरापासून दीड किलोमीटरच्या आत! इतकी वर्षं त्यांच्यावरून बाजाराला जात होतो, आत पाऊल टाकलं नव्हतं.

पहिली, सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांची. हे ऑफिस तालुक्याच्या ठिकाणी असतं, त्यांच्यावर जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक. आपल्याला निबंधक म्हटलं की खरेदीखताचंच ऑफिस आठवतं, पण ते दुय्यम निबंधकांचं, ते निराळं. तिथल्या कारकुनांना आम्ही संस्थेचं नाव सांगितलं. त्यांनी नोंदवही काढून पाहिली. नोंदणी नव्हतीच, पण नाव राखून ठेवण्याचा अर्जही कुणी दिलेला नव्हता. ते म्हणाले, "बाई, मूल जन्मायच्या आधी बारशाची भांडी कशाला गोळा करताय?" मग त्यांनी आम्हाला बसवून नीट समजावलं. सोसायटी काढायची तर आधी सगळ्या होणाऱ्या सभासदांनी सभा घ्यायची, त्यातून एक मुख्य प्रवर्तक निवडायचा. त्यानं निबंधकांकडे नाव राखण्याचा आणि बँकेत खातं उघडायच्या परवानगीचा अर्ज करायचा. परवानगीचं पत्र आलं की संस्थेच्या नावानं खातं उघडायचं आणि भागभांडवलाचे पैसे त्या खात्यात भरायचे, कुणाच्या खिशात नव्हे. मग जमिनीचे कागद, उपविधी, सभासदांची यादी, हिशेब असा सगळा प्रस्ताव द्यायचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. पूर्वी संस्थेला किमान दहा सभासद लागायचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थेसाठी ही किमान संख्या पाचवर आली आहे. पण सगळे निरनिराळ्या कुटुंबांतले हवेत, एकाच घरातल्या जावा-जावा चालणार नाहीत!

दुसरे तलाठीभाऊसाहेब. (पदाचं नाव २०२४ मध्ये 'ग्राम महसूल अधिकारी' झालं, पण आपल्या तोंडी ते तलाठीच राहणार.) त्यांच्याकडून त्या गटाचा सातबारा घेतला. डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवरूनही पंधरा रुपयांत निघतो, पण तो वाचता आला पाहिजे ना! आपण मालकाचं नाव पाहतो आणि थांबतो. पाहायचा असतो तो 'इतर हक्क' हा रकाना. कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क, कोर्टाचा मनाई हुकूम सगळं तिथं बसलेलं असतं. आमच्या त्या 'स्वप्ननगरी'वर विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता. म्हणजे जमीन शेतीची, बिगरशेतीचा आदेश नाही आणि वर कर्ज. शिवाय भोगवटादार वर्ग एक की दोन, तेही पाहायचं. वर्ग दोन म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन.

तिसरी कचेरी नगरपालिकेतली, नगररचना विभागाची. इथं जे झालं ते मी विसरणार नाही. भिंतीवर गावाचा विकास आराखडा लावलेला होता. आमच्यातल्या बहुतेकींनी आपल्या गावाचा नकाशा जन्मात पहिल्यांदाच पाहिला. "अगं, हे मारुतीचं देऊळ! मग आपली गल्ली इथं." "ही वेस, हा ओढा." पाच मिनिटं सगळ्या नुसत्या बोट ठेवून आपापली घरं शोधत होत्या, तिथले साहेबही हसायला लागले. मग त्यांनी सांगितलं, पिवळा रंग राहण्याचा, हिरवा शेतीचा, आणि या आखलेल्या जागा म्हणजे आरक्षण: शाळा, बाग, बाजार, रस्ता. आम्ही गट नंबर सांगितला. तो हिरव्यात होता, आणि त्याच्या बरोबर मधून होऊ घातलेल्या बाह्यवळण रस्त्याची रेघ गेली होती. रंगीत नकाशात जिथं देऊळ होतं, तिथून रस्ता! गट नंबर देऊन, थोडं शुल्क भरून 'झोन दाखला' मागता येतो. लेखी मिळतो. प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकीनं तो आधी मागावा.

चौथं ऑफिस दुय्यम निबंधकांचं. तिथं 'सूची दोन', म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, ती पाहून त्या जागेचे आधीचे व्यवहार कळतात. याच जागेतले काही तुकडे शंभराच्या स्टँपवर नोटरी करून विकले होते, असं बाहेर चहाच्या टपरीवर ऐकायला मिळालं. नोटरीचा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. दुय्यम निबंधकाकडे नोंद झालेला दस्तच खरा. गुंठेवारीतले प्लॉट असेच नोटरीवर फिरत राहिले. त्यांच्यासाठी २००१ साली राज्यात गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची सोय झाली. पण त्याच्या भरवशावर आज नवा तुकडा घेऊ नये.

सहाजणींचे एकवीस एकवीस हजार वाचले. ते गृहस्थ जाताना म्हणाले, "बायकांना कागदातलं काय कळतंय!" आमच्या वडेवाल्या मावशी म्हणाल्या, "कळतंय म्हणून तर तुम्ही निघालात." गटाबाहेरच्या एकीनं मात्र आधीच पैसे भरले होते. तिला आम्ही तालुका विधी सेवा समितीकडे नेलं. तालुक्याच्या कोर्टातच ही समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नुसता वकिलाची नोटीस गेल्याबरोबर तिचे थोडे पैसे परत आले. बाकीच्यासाठी पाठपुरावा चालू आहे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सोसायटी ही भानगडच नको. छे! सोसायटीचा काय दोष? सहकारानं घर बांधणं आपल्या महाराष्ट्रात नवं नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ सालीच उभी राहिली, श्रीपाद सुब्राव तालमकींच्या पुढाकारानं. पण ते शिकल्या-सवरलेल्या नोकरदारांचं. आमच्या बायकांना मला दाखवायचं होतं ते सोलापूरजवळचं कुंभारी.

एका रविवारी एसटीनं आम्ही अकरा जणी गेलो. सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो बायका आहेत, त्यातल्या पुष्कळ तेलुगू बोलणाऱ्या. कामगार संघटनेच्या माध्यमातून, नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली या बायकांनी घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. गोदूताई परुळेकरांच्या नावानं महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था काढली आणि कुंभारीला दहा हजार घरं उभी राहिली. दहा हजार! सप्टेंबर २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना मिळाली. हिशेब अगदी सरळ होता. एका घराचा खर्च साठ हजार. वीस हजार केंद्र सरकारचे, वीस हजार राज्याचे आणि वीस हजार विडी वळणाऱ्या बाईचे. दिवसाची मजुरी विड्यांवर मोजणाऱ्या बाईनं आपला तिसरा वाटा भरला. ज्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलं असेल, त्यांना गोदूताईंचं नाव तिथं का दिलं हे वेगळं सांगायला नको.

आम्ही गल्ल्यांतून हिंडलो. घरं लहानच. पण जिकडं तिकडं बदललेली! कुणी पुढं पडवी काढली आहे, कुणी वर पत्र्याची खोली, कुणाच्या दारात किराणा दुकान. उंबऱ्यात बसून एक आजी सुपात पानं घेऊन विड्या वळत होत्या. आम्ही विचारलं, "आजी, इथं राहायला आल्यावर काय बदललं?" आम्हाला वाटलं, पाण्याचं, संडासाचं सांगतील. त्या म्हणाल्या, "भिंतीला खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही." परतीच्या एसटीत आमच्या शिवणवाल्या वहिनी ते वाक्य चार वेळा म्हणाल्या.

तक्रारीही ऐकल्या. सोलापूर लांब पडतं, कामाला जायचं तर येण्या-जाण्यात वेळ आणि पैसा जातो. गावापासून दूरची जमीन स्वस्त मिळते खरी, पण रोजच्या तिकिटात ती महाग पडते. घर शोधताना हा हिशेब आधी मांडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच कुंभारीत पुढे 'रे नगर' उभं राहिलं. असंघटित कामगारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन फेडरेशन केलं आणि पंतप्रधान आवास योजनेतून तीस हजार घरांचा प्रकल्प घेतला. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, बांधकाम मजूर, कचरा वेचणाऱ्या बायका. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यांच्याच हस्ते पहिली पंधरा हजार घरं दिली गेली. दोन काळांतली दोन सरकारं, निरनिराळ्या पक्षांची. बायकांची संघटना तेवढी तीच राहिली. मला यात फार मोठी गोष्ट दिसते.

आपल्या लहान गावात तीस हजार घरांचा विचार कुणी करणार नाही. पण वीस-पंचवीस बायकांचा करता येतो. त्यासाठी आणखी काही दारं ठाऊक हवीत.

नगरपालिकेत पंतप्रधान आवास योजनेचं टेबल असतं. शहरी योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली, आणि तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून. या दुसऱ्या टप्प्यात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट, सहापर्यंत अल्प, नऊपर्यंत मध्यम. देशात कुठंही पक्कं घर नसावं, आणि मागच्या वीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नसावा. स्वतःची जागा असेल तर दुर्बल गटाला बांधायला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाखांचं अनुदान, तेही टप्प्याटप्प्यानं, बांधकामाचे फोटो घेऊन. घर विकत घ्यायला कर्ज काढलं तर व्याजात सवलत: पंचवीस लाखांपर्यंतच्या कर्जात पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, म्हणजे जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. विधवा आणि एकट्या बायकांना प्राधान्य आहे. आणि घर कुटुंबातल्या बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर, ही अट आहे. कुणी तुम्हाला 'आधी साहेबांना घेऊन या' म्हणालं, तर ही अट शांतपणे दाखवा.

इथं एक गैरसमज फार आढळतो. "आमच्या सासऱ्यांचा वाडा आहे ना, मग आम्हाला कुठलं घरकुल?" योजनेच्या हिशेबात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. वाडा सासऱ्यांच्या नावावर असेल आणि त्यातला वाटा तुमच्या दोघांच्या नावावर चढलेला नसेल, तर तुम्ही अर्जाला बाद नाही. विचारून तर पाहा.

गावखेड्यातल्या मैत्रिणींनी पंचायत समितीत जायचं. ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात मूळ अनुदान एक लाख वीस हजार. अनुसूचित जातींसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. आणि घरकुल मंजूर झालं पण जागाच नाही, अशांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं जागा खरेदीला अर्थसाहाय्याची योजना आहे. ती कितीतरी जणींना माहीतच नसते. यादी ग्रामसभेत वाचली जाते, तेव्हा ग्रामसभा चुकवू नका. त्या दिवशी पापड लाटायचे राहिले तरी चालतील!

म्हाडाबद्दल आपली समजूत अशी, की ती मुंबईच्या लोकांची लॉटरी. तसं नाही. १९७७ साली स्थापन झालेल्या म्हाडाची पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, कोकण अशी विभागीय मंडळं आहेत. आमचा सोलापूर जिल्हा पुणे मंडळात, तसेच सांगली, सातारा आणि कोल्हापूरही. सोडतीची जाहिरात पेपरात येते, अर्ज ऑनलाइन. अधिवासाचा दाखला, आधार, पॅन, उत्पन्नाचा पुरावा हे आधीच तयार ठेवायचं, कारण जाहिरात आल्यावर दाखल्याला धावलं की मुदत संपते. उत्पन्नाची मर्यादा म्हाडाची निराळी आणि आवास योजनेची निराळी, एकीकडे बसला नाहीत म्हणून दुसरीकडे बसणार नाही असं धरून चालू नका. आणि म्हाडा कुणीही एजंट नेमत नाही, हे ती स्वतः जाहिरातीत लिहिते. लिहिलेलं वाचायचं ते हेच.

तयार फ्लॅट घेत असाल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. मे २०१७ पासून हा कायदा आहे. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठपर्यंत घरांचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि लहान गावातल्या बऱ्याच बिल्डिंगा नेमक्या तेवढ्याच असतात! मग तिथं नगरपालिकेची बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला स्वतः पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आता नावाचं. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घरामागे वीस हजार वाचतात. पहिल्यांदा यात अट होती, पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. २०२३ मध्ये तीही गेली. पण खरेदीदार फक्त बाई किंवा बायकाच असतील तरच ही सवलत, नवऱ्याबरोबर जोडनावानं घेतलं तर नाही. आमच्या गटात यावरून चांगलाच वाद झाला. एक म्हणाली, "यांना न विचारता कसं?" दुसरी म्हणाली, "विचार ना, पण वीस हजार कुठून आणणार तेही विचार." ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. माझं म्हणणं एवढंच, की सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर बाईचं नाव हवं, एकटीचं किंवा जोडीनं. नुसतं 'नॉमिनी' म्हणून लावून घेऊन समाधान मानू नये. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ती नवऱ्यामागं वारस ठरेपर्यंतची व्यवस्था.

विचारायला जाताना दोघी-तिघींनी जावं. एकटीला 'उद्या या' म्हणणं सोपं असतं, तिघींना अवघड जातं. एकीनं बोलावं, एकीनं लिहून घ्यावं. अर्ज दोन प्रती, एकीवर पोच. उत्तर येत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोसायटीचा कारभार शिकायचा असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सहकारी बोर्ड असतं, ते सभासदांना प्रशिक्षण देतं. पुणे, ठाणे, मुंबईत गृहनिर्माण संस्थांचे महासंघही आहेत. आदर्श उपविधीचं पुस्तक कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात मराठीत मिळतं. आम्ही ते दुपारी मोठ्यानं वाचलं. भाषा अशी, की माझ्या मराठी घेतलेल्या बी.ए.चाही कस लागला!

सध्या तीन गटांतल्या मिळून एकवीस जणींनी सभा घेतली आहे. मुख्य प्रवर्तक म्हणून अंगणवाडीतल्या मदतनीस ताईंना निवडलं, कारण हिशेब त्या पैशापैशाचा ठेवतात. संस्थेच्या नावावरून दोन तास भांडण झालं, ते ठरलं. नाव राखल्याचं आणि खातं उघडायच्या परवानगीचं पत्र आलं, जिल्हा मध्यवर्ती बँकेत खातं उघडलं. जमिनी दोन पाहिल्या आहेत. एकीचा झोन दाखला आला, जागा पिवळ्यात आहे, पण भाव जास्त. दुसरी स्वस्त आहे, तिचा दाखला यायचा आहे. सोसायटीच्या नावावरच्या जागेत प्रत्येकीला घरकुलाचं अनुदान कसं बसेल, हे नगरपालिकेला लेखी विचारलंय. अर्जाची पोच मदतनीस ताईंकडे आहे. येत्या मंगळवारी अंगणवाडी सुटल्यावर, दुपारी अडीचला, त्या आणखी दोघींना घेऊन उत्तर विचारायला जाणार आहेत.